ठोका पुसलेला सूर

भंडाऱ्याच्या बाजारात पितळेचं भांडं घेताना जुनी माणसं आधी त्याला टिचकी मारतात. 'टण्ण' वाजलं आणि आवाज क्षणभर रेंगाळला, तर भांडं चांगलं. 'भद्द' वाजलं, तर कुठेतरी चीर आहे किंवा जोड नीट बसलेला नाही. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात आवाजाचे दोन भाग असतात हे कुणाला शिकवावं लागत नाही. आधी ठोका, मग त्याच्या मागून येणारी आस.

मागे एकदा मी देव्हाऱ्यातली घंटा मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि आवाज कापायच्या साध्या ॲपमध्ये सुरुवातीचा पाव सेकंद उडवून टाकला. उरलेला आवाज घरात ऐकवला. बायको म्हणाली, पेटीचा वरचा सूर आहे. शेजारच्या मुलाला बासरी वाटली. घंटा कुणीच ओळखली नाही. मग तोच आवाज मी उलटा फिरवला. कुठून तरी लांबून एक सूर आला, वाढत गेला, आणि ऐन भरात आल्यावर जणू दार आपटावं तसा बंद झाला. मुलाने तो आठ-दहा वेळा लावून ऐकला.

हा प्रयोग माझ्या डोक्यातला नव्हे. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफरने घंटेचा आवाज तिच्या ठोक्याशिवाय रेकॉर्ड केला. तेव्हा त्याच्या हाताशी टेपसुद्धा नव्हती, तबकड्या होत्या. ठोका गेला की घंटेची घंटापणाची खूण पुसली जाते, हे त्याच्या लक्षात आलं. ध्वनीचे तुकडे जोडून संगीत रचण्याची जी शाखा त्याने उभी केली, तिच्या पायाशी ही कापलेली घंटा आहे. सुराची ओळख आपल्याला त्याच्या जन्माच्या क्षणी पटते. तो क्षण झाकला, की तार पाव्यासारखी वाटू लागते आणि घंटा पेटीसारखी.

गिटारवाल्यांच्या जगात या एका क्षणाशी खेळणारी पेडलं आहेत. सूर शून्यातून फुगवत आणणारी आणि आवाज उलटा वाटायला लावणारी. आपल्या भागात ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात, चर्चमध्ये आणि आता मोबाइलवर गाणी रेकॉर्ड करणाऱ्या पोरांच्या हातात गिटार दिसते, आणि त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो. हा 'फुगणारा' आवाज कसा काढायचा, आणि त्यासाठी नेमकं काय घ्यायचं? या प्रश्नाचा सगळा पसारा एकदा नीट मांडावा असं बरेच दिवस मनात होतं.

भरतमुनींनी वाद्यांचे चार वर्ग केले. तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. गिटार ततात बसते. छेडलेल्या तारेची अडचण अशी की सूर जन्मतो तेव्हाच तो सगळ्यांत मोठा असतो आणि त्या क्षणापासून त्याची उतरण सुरू होते. गवई 'सा' लावतो तेव्हा तो हळूच लावून भरू शकतो. सनईवाला फुंक वाढवून तेच करतो, सारंगीवाला गज दाबून. सतार, संतूर, गिटार यांना ही मुभा जन्मतः नाही. म्हणून फुगणारा सूर म्हणजे ततवाद्याने सुषिराचा श्वास उसना घेणं, असं मी समजतो. पुढची सगळी यंत्रं या उसनवारीच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत.

आपल्याकडे ही उसनवारी पेटीच्या रूपाने गिटारच्या कितीतरी आधी आली. देबाँने पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं १८४२ साली. त्या पायपेटीत एक खास खुंटी असे. ती ओढली की साठवणीचा भाता बाजूला पडायचा आणि वादकाच्या पायाचा जोर थेट सुरावर उतरायचा. पाय हलका तर सूर हलका, पाय भरला तर सूर भरला. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास हातपेटी बनवली आणि हा श्वास डाव्या हाताच्या भात्यात आला. मराठी रंगभूमीवर मग ऑर्गन आला. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली. बालगंधर्वांच्या गाण्यामागचा ऑर्गनचा लांब, भरलेला सूर मराठी कानात कायमचा बसला. त्या परदेशी बनावटीच्या ऑर्गनला खाली गुडघ्यापाशी एक दांडी असे. गुडघ्याने ती बाहेर रेटली की पट्ट्यांवरची झाकणं उघडत आणि सूर मोठा होई. दोन्ही हात सुरांवर, दोन्ही पाय भात्यावर आणि गुडघा आवाजावर. आज पायाखाली ठेवतात ते व्हॉल्यूम पेडल याच दांडीचं धाकटं भावंड आहे. म्हणून कुणी हा प्रकार नवा किंवा परका आहे म्हणतो तेव्हा मला पटत नाही. आपला कान यासाठी शंभर वर्षांपूर्वीच तयार झालेला आहे.

आणि भंडाऱ्यात तर ती परंपरा अजून जिवंत आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दंडार असते, खडीगंमत असते आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा हे त्या रंगभूमीचं मोठं केंद्र गडचिरोली जिल्ह्यात असलं, तरी लाखांदूर, साकोली, लाखनी, पवनी या आमच्या तालुक्यांत ही नाटकं धान निघाल्यावरच्या थंडीत रात्रभर चालतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि इथल्या लोककलांचा अभ्यास हयातभर केला, म्हणून त्यातलं बरंच आज कागदावर आहे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांचंही या रंगभूमीकडे लक्ष गेलं. पण वादकांकडे अजूनही कुणी पाहत नाही, याचं मला वाईट वाटतं. नाटकातली गाणी नट प्रत्यक्ष गातात आणि साथीला ऑर्गन, तबला-ढोलक आणि ऑक्टोपॅड असतो. ऑर्गन म्हणजे आता इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. नाव मात्र जुनंच टिकलं आहे. करुण प्रसंगात ऑर्गनवाला तंतुवाद्यांचा आवाज लावून पाऊल हळूहळू दाबतो आणि शब्दांखालून सूर वर चढतो. त्याला कुणी 'स्वेल' हा शब्द शिकवलेला नाही.

उलटा आवाजही इथे कीबोर्डातूनच पोचला. १९९१ मध्ये जनरल मिडी नावाचं मानक ठरलं. त्यात १२८ आवाजांना क्रमांक दिले गेले, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डवर तोच क्रमांक लावला की त्याच जातीचा आवाज यावा. त्यातला १२० वा आवाज आहे उलटी झांज. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नवरी स्टेजवर येण्याआधी जो 'शूऽऽप' असा चढता आवाज येतो, तो बहुतेक वेळा हा १२० नंबर. भंडाऱ्यातल्या कितीतरी वादकांनी उलटा आवाज आधी बोटाने वाजवला आणि त्याचं नाव त्यांना नंतर कळलं.

आता गिटारकडे. सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत स्वस्त तऱ्हा म्हणजे करंगळी. इलेक्ट्रिक गिटारचं आवाजाचं बटण शून्यावर आणायचं, तार छेडायची आणि छेडून झाल्यावर करंगळीने बटण उघडायचं. ठोका बटणामागे राहतो, बाहेर येते ती आस. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर हे बटण तारांच्या इतकं जवळ आहे की करंगळी आपोआप तिथे पोचते. काही गिटारींवर ते लांब असतं आणि हात ताणावा लागतो. नवीन गिटार घेताना रंग बघण्याआधी ही एवढी गोष्ट बघावी असं मी पोरांना सांगतो. व्हॅन हेलनच्या एडीने १९८२ मध्ये 'कथीड्रल' नावाचा तुकडा बटणाच्या याच चाळ्यावर आणि मागे लावलेल्या प्रतिध्वनीवर उभा केला. ऐकणाऱ्याला चर्चचा ऑर्गन वाजतोय असं वाटतं.

दुसरी तऱ्हा पायाची. हवाइयन आणि स्टील गिटारवाले पायाच्या पेडलने सूर फुगवत आले. १९६५ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने 'आय नीड यू' या गाण्यात पेडल वापरलं. पुढे मार्क नॉफ्लरसारख्यांनी पायावर इतका ताबा मिळवला की गिटार बोलल्यासारखी वाटते. पायाच्या पेडलची खरी किंमत त्याच्या वळणात असते. कान आवाज सरळ पट्टीने मोजत नाही. दहा डेसिबल वाढले की आपल्याला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे आतला नियंत्रक सरळ चढणारा असेल, तर सूर सुरुवातीलाच उसळी मारतो आणि पुढे पाय दाबून काहीच घडत नाही. लॉग जातीचा नियंत्रक असेल, तर सूर शेवटपर्यंत चढत राहतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. साध्या गिटारसाठीचं पेडल साधारण २५० किलोओहमचं असतं आणि कीबोर्डसाठीचं २५ किलोओहमचं. ऑर्गनवाल्याचं पेडल मागून आणून गिटारला थेट लावलं, की आवाज दबतो आणि त्यातली चमक जाते. मग बिचाऱ्या गिटारला दोष दिला जातो. हे मी किती ठिकाणी पाहिलं त्याची मोजदाद नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे हे काम यंत्रावर सोपवणं. या लेखाचा मूळ विषय तोच. १९७९ मध्ये जपानच्या बॉस कंपनीने 'स्लो गिअर' नावाचं छोटं पेडल काढलं, एसजी-१. दोनच बटणं. एक संवेदनेचं आणि एक सूर किती हळू उघडायचा त्याचं. आतलं काम असं चालतं. पेडल येणाऱ्या आवाजाची पातळी सतत तपासत असतं. पातळी ठरलेल्या उंबऱ्याच्या वर गेली, की नवी तार छेडली असं ते समजतं. तोवर त्याने आवाज जवळपास शून्यावर धरलेला असतो, आणि त्या क्षणापासून ते तो ठरवून दिलेल्या वेळात वर नेतं. ठोका त्या शून्यात गडप होतो. तीन वर्षांतच, १९८२ मध्ये, हे पेडल बंद झालं. लोकांना ते तेव्हा फारसं नको होतं. आज जुनं एसजी-१ शोधणारे चिक्कार आहेत. त्याची स्वस्त नक्कल बेरिंगरने 'स्लो मोशन' नावाने काढली आणि खुद्द बॉसच्या बऱ्याच मल्टी-इफेक्ट्समध्ये 'स्लो गिअर' याच नावाने हा परिणाम आतमध्ये बसलेला आहे. नागपूरला जाऊन वेगळं पेडल शोधण्याआधी हातातल्या यंत्राची यादी एकदा नीट वाचावी. बरेचदा तिथेच तो सापडतो.

त्याच सुमाराला न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने 'अटॅक डिके' काढलं. त्याने आणखी एक पाऊल टाकलं. सूर उघडायचा वेळ वेगळा ठरवायचा आणि मिटायचा वेगळा. हळू उघडला आणि झटकन मिटला, की उलट्या टेपचा भास होतो. आवाज प्रत्यक्षात सरळच वाजतो, फक्त त्याचा आकार उलटा केलेला असतो. २०१९ मध्ये त्यांनी हे पेडल नव्याने आणलं आणि त्यात एकाहून जास्त सूर वेगवेगळे ओळखण्याची सोय केली. ही सोय का महत्त्वाची, ते कॉर्ड वाजवणाऱ्याला लगेच समजेल. जुन्या पेडलांना आवाजाची एकच एकत्रित पातळी दिसते. पहिला सूर अजून घुमत असताना दुसरा छेडला, तर पातळी उंबऱ्याच्या वरच असते. म्हणून यंत्राला नवा सूर आला हे कळतच नाही आणि दुसरा सूर ठोक्यासकट बाहेर पडतो. अशा पेडलवर वाजवायचं तर प्रत्येक सुरानंतर तार दाबून शांत करायची सवय लावावी लागते. म्हणजे बोटांनी विराम शिकायचा. मला ही अडचण वाटत नाही. आलापीत दोन सुरांमधली जागा राखायला गुरू सांगतात, तेच हे यंत्र आपल्या पद्धतीने सांगतं.

संवेदनेच्या बटणाने मला एकदा चांगलंच छळलं आहे. लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात नाटकाच्या साथीला बसलो होतो. वीज जनरेटरची, जमिनीशी जोडणी कच्ची. गिटारमधून सारखी 'घूंऽऽ' अशी गुरगुर येत होती. घरी लावलेली संवेदना मी तशीच ठेवली होती. त्या गुरगुरीने पातळी उंबऱ्यावर टांगून ठेवली आणि पेडल मधेच आपोआप उघडमीट करू लागलं. नायिका रडवेली होऊन ओळ घेणार आणि तिच्या आधी माझी गुरगुर फुगत वर यायची. दोन ओळी तशा गेल्या. मी पेडल बंद केलं आणि पुढचं सगळं करंगळीवर काढलं. तेव्हापासून कुठेही गेलो, की आधी तारांवर तळवा ठेवून फक्त गुरगुर ऐकतो आणि उंबरा तिच्या वर येईपर्यंत बटण फिरवतो. ते जमल्याशिवाय सुराला हात लावत नाही.

पेडलांच्या रांगेत याची जागा कुठे, यावर वाद चालतात. माझं मत ठाम आहे. आपोआप फुगवणारं पेडल सगळ्यांत आधी, गिटारच्या लगेच पुढे. कॉम्प्रेसर किंवा डिस्टॉर्शन आधी आलं, की लहानमोठा फरक सपाट होतो आणि यंत्राला उंबरा ओळखता येत नाही. पायाचं पेडल मात्र डिस्टॉर्शनच्या नंतर लावून पाहावं. तिथे ते फक्त आवाज वाढवतं, आवाजाचा पोत तसाच राहतो. प्रतिध्वनी आणि रिव्हर्ब दोघांच्याही मागे, म्हणजे फुगलेला सूर मिटल्यावर त्याची आस गाभाऱ्यात रेंगाळावी तशी राहते.

राहिला खरा उलटा आवाज. त्याचं मूळ टेपमध्ये. १९६६ मध्ये बीटल्सच्या 'रेन' गाण्याच्या शेवटी आवाज उलटा वाजवला गेला आणि 'आय ॲम ओन्ली स्लीपिंग'मध्ये हॅरिसनने गिटारची ओळच उलटी बसवली. सूर उलट क्रमाने काढायचे, वाजवायचे आणि टेप फिरवल्यावर ते सरळ क्रमाने, पण उलट्या अंगाने ऐकू यायचे. तासन्‌तास चाललेलं काम. वर्षभराने जिमी हेंड्रिक्सने 'आर यू एक्सपिरियन्स्ड'मध्ये ढोल आणि गिटार असे फिरवले की गाण्याला जमीन उरली नाही असं वाटतं. ते पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

स्टुडिओत हे जमतं, कारण आवाज आधी पूर्ण वाजून झालेला असतो. स्टेजवर अडतं ते इथेच. अजून न वाजलेला सूर कोणतंही यंत्र उलटा करू शकत नाही. म्हणून डिजिटल पेडल आधी एक तुकडा ऐकून साठवतं आणि तो साठवल्यावरच मागून पुढे वाजवतं. बॉसच्या डीडी-५ मध्ये १९९५ साली ही सोय आली आणि १९९९ च्या लाइन सिक्स डीएल-४ मध्येही. उशीर टाळता येत नाही, फक्त लयीत बसवता येतो. १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. केहरव्याला मी तुकडा दोन किंवा चार मात्रांचा ठेवतो, म्हणजे एक किंवा दोन सेकंदांचा, आणि आठ मात्रांच्या आवर्तनात तुकड्याची कड समेवर येऊन पडते. दादऱ्यात तोच चार मात्रांचा तुकडा लावला, तर सहाच्या आवर्तनात कड भलतीकडे जाते. तिथे तीन मात्रांचा, म्हणजे दीड सेकंदाचा तुकडा हवा. परदेशी माहितीपुस्तिकांत हे मिळणार नाही, कारण त्यांच्या डोक्यात आपले ताल नाहीत. इथल्या वादकाने ते स्वतः मोजून वहीत लिहून ठेवायला हवं. आणि ढोलकवाल्याची लय गाणं रंगात आलं की चढतेच. म्हणून पायाने ठोका देऊन वेळ बदलता येईल असंच उलट पेडल घ्यावं. ठरलेल्या वेळेचं पेडल दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत मागे पडतं.

रिव्हर्ब उलटवण्याची वेगळी शाखा आहे. यामाहाच्या एसपीएक्स ९० सारख्या रॅकमधल्या यंत्रात उलट दाराचा (रिव्हर्स गेट) रिव्हर्ब मिळे आणि त्याच्या जोरावर 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या बँडने १९९१ मध्ये 'लव्हलेस' या अल्बमवर धुक्यासारखा आवाज उभा केला. आमच्याकडच्या नाटकात त्याला जागा सापडलेली मी पाहिली नाही. स्वप्नाच्या, भुताच्या, आठवणीच्या प्रवेशांत ती आहे असं मात्र मला वाटतं.

कोणी विचारलं की आधी काय घेऊ, तर मी काहीच घेऊ नको म्हणतो. सहा महिने करंगळीवर काढ. चार मोजत सूर शून्यातून पूर्ण वर ने, पुढचे चार मोजत खाली आण. मग दोनात. मग आठात. हे जमलं की पायाचं पेडल घे, २५० किलोओहमचं, लॉग नियंत्रकाचं. स्लो गिअर जातीचं यंत्र त्यानंतर, आणि तेही ज्याला दोन्ही हात तारांवरच हवे आहेत त्यालाच. उलटा आवाज सगळ्यांत शेवटी. तो मिठाइतका लागतो.

यंदा पवनीजवळच्या एका मंडईत आमच्या ऑर्गनवाल्याने आणि मी एक जागा बांधली आहे. बाप मेल्यावर मुलगी उंबऱ्यात उभी राहते तिथे. आधी तो खर्जाचा सूर पायाने वर आणतो. तो भरत आला की मी वरचा पंचम करंगळीने उघडतो, ठोका कुणाला ऐकू जाऊ न देता. मग आम्ही दोघेही थांबतो आणि ती पहिली ओळ एकटीच घेते.